खिडकीच्या आतल्या माणसाचं शिक्षण

मराठी वाङ्मय मंडळाची चिटणीस गेल्या महिन्यात ऑफिसात आली. म्हणाली, "सर, ह्या अंकाला तुम्ही कायतरी लिहून द्या की." मी म्हटलं, "अगं, कविता-बिविता माझ्याच्यानं होत नाही. मी खिडकीच्या आत बसणारा माणूस." तर ती म्हणाली, "मग त्याचंच लिहा." तिला आपलं पान भरायचं होतं. पण ते वाक्य डोक्यात राहिलं, म्हणून हा लेख.

विषय असा आहे: महाविद्यालयात शिकवण्याव्यतिरिक्त विद्यार्थ्यांशी ज्यांचा रोज संबंध येतो, म्हणजे ऑफिसातले क्लार्क, वसतिगृहाच्या वॉर्डन, ग्रंथालयातले सहाय्यक, क्रीडा संचालक, विद्यार्थी कल्याणाचं काम पाहणारे प्राध्यापक, अगदी गेटवरचा वॉचमनसुद्धा, त्यांना त्यांचं काम कोण शिकवतं? आणि शिकवायचं म्हटलं तर काय शिकवायचं?

आधी माझी गोष्ट सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी, इथं येण्याआधी, मी दुसऱ्या एका कॉलेजात एस. डी. ए. म्हणून लागलो होतो. खानापूर तालुक्यातल्या जंगलभागातला एक मुलगा पहिल्या वर्षाला होता. तो तीनदा माझ्या खिडकीवर आला. पहिल्यांदा बसपाससाठी स्टडी सर्टिफिकेट पाहिजे होतं. दिलं. दुसऱ्यांदा विचारायला आला, फी भरायची शेवटची तारीख पुढं जाईल का. मी नोटीस बोर्डाकडं बोट दाखवलं. तिसऱ्यांदा टी. सी. मागितली. अर्जात कारण लिहिलं होतं, 'घरगुती'. पंधरा मिनिटांत टी. सी. त्याच्या हातात दिली. त्या काळात मला माझ्या वेगाचा अभिमान होता. शेजारच्या टेबलावर त्याच कामाला दोन दिवस लागत.

चारेक वर्षांनी तोच मुलगा धाकट्या बहिणीला प्रवेश घ्यायला घेऊन आला. उद्यमबागेत एका फाउंड्रीत कामाला होता. मला ओळखून म्हणाला, "सर, तुम्ही लई लवकर काम केलासा त्या वेळी. न्हाईतर हेलपाटे पडले असते मला." मी विचारलं, "शिक्षण का सोडलंस रे?" वडिलांचा पाय मोडला होता. घरात दुसरं कमावणारं कुणी नव्हतं. शिष्यवृत्ती मिळाली असती, पण आधार कार्डावरचं नाव आणि मार्क्सकार्डावरचं नाव ह्यात एका अक्षराचा फरक होता. सायबर कॅफेवाल्यानं सांगितलं, "तुझा फॉर्म जात नाही." आपल्यासाठी शिष्यवृत्ती नाहीच, असं त्यानं धरून चाललं. नावातलं एक अक्षर दुरुस्त करून घेणं हे माझं रोजचं काम. तो तीनदा माझ्यासमोर दोन हातांवर उभा होता, आणि मला हे माहीत नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं.

त्यानं माझे आभार मानले ते मात्र मनापासून. तेच जास्त लागलं.

आपण ज्याला 'विद्यार्थी कल्याण' म्हणतो त्याला अमेरिकेत 'स्टुडंट अफेअर्स' म्हणतात, आणि तिथं तो वकिली किंवा नर्सिंगसारखा स्वतंत्र पेशा आहे. तिथल्या डीन मंडळींची संघटना १९१९ साली सुरू झाली, तीच आजची 'नास्पा'. १९३७ साली 'अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन'नं एक छोटं निवेदन काढलं. त्याचा गाभा असा, की कॉलेजनं विद्यार्थ्याची फक्त बुद्धी नव्हे, तर सबंध माणूस लक्षात घ्यावा: त्याची तब्येत, पैसा, मित्र, पुढचं काम. ह्या विषयात लोक एम. ए. करतात, आणि 'नास्पा' आणि 'एसीपीए' ह्या दोन मोठ्या संघटनांनी मिळून २०१० मध्ये, आणि सुधारून २०१५ मध्ये, ह्या कामाला कोणकोणत्या क्षमता लागतात त्याची यादीच करून ठेवली आहे. ती यादी आपल्याला जशीच्या तशी लावता येणार नाही. तिथल्या डीनला नाडकचेरीतून आणलेल्या उत्पन्नाच्या दाखल्यावरचा आर. डी. नंबर शोधावा लागत नाही. पण हे काम शिकावं लागतं, ते आपोआप येत नाही, एवढी कबुली त्या यादीत आहे. ती आपल्याकडं अजून पुरती आलेली नाही.

आपल्याकडं प्राध्यापकांसाठी ओरिएंटेशन आहे, रिफ्रेशर आहे. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली सुरू झाली, तिच्या कार्यक्रम अधिकाऱ्यालाही प्रशिक्षण मिळतं. क्लार्कला मिळतं ते आधीच्या क्लार्कचं टेबल. त्यासोबत त्याची फाइल लावायची पद्धत येते, शिक्के येतात, आणि विद्यार्थ्याशी बोलायची त्याची तऱ्हाही येते. मला 'उद्या ये' हे दोन शब्द असेच वारशानं मिळाले.

कायदे-नियम वाचले तर अपेक्षा मात्र मोठ्या आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाचे रॅगिंगविरोधी विनियम २००९ सालचे. आम्हाला त्यातलं प्रतिज्ञापत्र तेवढं माहीत असतं, कारण ते दर वर्षी भरून घ्यावं लागतं. पण त्यात वॉर्डनविषयी एक कलम आहे, ते मी परवा पुन्हा वाचलं. पूर्णवेळ वॉर्डन असावी, आणि तिची निवड करताना शिस्त राखायची धमक आणि वर्गाबाहेर मुलांशी बोलायची, समुपदेशन करायची हातोटी ह्या दोन्ही गोष्टी पाहाव्यात, असा त्याचा अर्थ. एकाच माणसात दोन माणसं मागितली आहेत. धमक घेऊन येणारे पुष्कळ असतात. दुसरी गोष्ट शिकवावी लागते, आणि ती कुठं शिकायची ते विनियमात नाही. तसंच २०२३ च्या तक्रार निवारण विनियमांचं. विद्यार्थ्याच्या तक्रारीवर समितीनं शक्यतो पंधरा कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यावा आणि त्याची एक प्रत त्या विद्यार्थ्यालाही द्यावी, असं त्यात आहे. ही समिती आपल्याही कॉलेजात आहे. तुमच्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? हात वर करायला सांगत नाही. ठाऊक नसेल तर चूक आमची, कारण आम्ही ती नोटीस इंग्रजीत, बारीक टायपात, जिन्याखालच्या बोर्डावर लावली आहे.

मग २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आला. विशाखापट्टणमला वसतिगृहात राहून नीटची तयारी करणाऱ्या सतरा वर्षांच्या एका मुलीच्या मृत्यूचं ते प्रकरण. तपास सीबीआयकडं देतानाच न्यायालयानं देशभरातल्या शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली, आणि कायदा होईपर्यंत ती बंधनकारक राहतील असं सांगितलं. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथं किमान एक पात्र समुपदेशक असावा. हेल्पलाइनचे नंबर वसतिगृहात, वर्गांत ठळक लावावेत. आणि अध्यापक व अध्यापकेतर, दोन्ही कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा मानसिक प्रथमोपचाराचं, धोक्याची लक्षणं ओळखण्याचं प्रशिक्षण द्यावं. 'अध्यापकेतर' हा शब्द वाचून मी चष्मा काढून पुसला. इतकी वर्षं तो शब्द मी पगारपत्रकातच वाचला होता.

आता शिकायचं काय, ह्याकडं येतो. आम्ही काही जणांनी ऑफिस सुटल्यावर महिन्यातल्या एका शनिवारी बसायला सुरुवात केली. हॉस्टेलच्या सिस्टर, ग्रंथालयातले मामा, क्रीडा संचालक, ऑफिसातले आम्ही चौघं, गेटवरचे काका, आणि शिकवायला काउन्सेलर मॅडम. पहिल्या शनिवारी मॅडमनी चिठ्ठ्या केल्या. विद्यार्थी खरोखर जी वाक्यं बोलतात तीच त्यावर लिहिली होती. 'सर, कॉलेज सोडलं तर फी परत मिळते का?' 'हजेरी कमी पडली तर काय हुतंय?' 'रूम बदलून मिळंल का?' 'लायब्ररी किती वाजेपर्यंत उघडी असते?' प्रत्येकानं एक चिठ्ठी उचलायची आणि त्या वाक्यामागं काय काय असू शकतं ते सांगायचं.

पहिल्या तिन्हींवर आम्ही भराभर बोललो. चौथ्या चिठ्ठीवर मी म्हटलं, "ह्यात काय आहे? साडेपाच." मामा म्हणाले, "न्हाई सर. एक पोरगी रोज विचारायची. साडेपाचला बंद करतो हे तिला म्हाईत होतं. तरी विचारायची." रोज बंद होईपर्यंत ती बसून असे, पुस्तक तेच, पान तेच. मामांनी एक दिवस दिवे मालवताना विचारलं, "बाळ, घर लांब हाय का?" घर जवळच होतं. घरात चुलत्याचं पिणं होतं, आई संध्याकाळी उशिरा कामावरून येई, आणि तोपर्यंतचा वेळ तिला कुठंतरी काढायचा होता. मामांनी हे सिस्टरांच्या कानावर घातलं, सिस्टरांनी आईला बोलावून घेतलं, पुढची व्यवस्था झाली. मामा सातवी शिकलेले. त्या दिवशी शिकवायला मॅडम होत्या खऱ्या, पण शिकवलं मामांनी. अशा अनुभवी माणसाजवळचं ज्ञान काढून सगळ्यांपुढं मांडणं, हा प्रशिक्षणाचा निम्मा भाग आहे असं माझं मत झालं आहे. बाहेरून पाहुणा बोलावून, स्लाइड दाखवून, शेवटी समोसा आणि ग्रुप फोटो, अशी प्रशिक्षणंही मी केली आहेत. त्यांची सर्टिफिकेटं फाइलीत आहेत. समोसे चांगले होते.

दुसऱ्या शनिवारी प्रश्न कसा विचारायचा ते घेतलं. हा भाग वाङ्मय मंडळाच्या वाचकांना आवडावा, कारण हे सगळं भाषेचंच काम आहे. खिडकीवर "कशाला पाहिजे?" म्हटलं की मुलगा आरोपी होतो. "कशासाठी लागतंय ते सांग, म्हणजे बरोबर तोच दाखला देतो" म्हटलं की तोच प्रश्न मदतीचा होतो. "घरी सगळं बरं आहे ना?" ह्याला जगात एकच उत्तर आहे, "हो". उत्तर आपणच त्याच्या तोंडात घातलेलं असतं. "कसं चाललंय?" म्हणावं तर आमच्या बेळगावात "चाललंय की" म्हणून मोकळे होतात. ह्या 'चाललंय की'मध्ये लग्न, नोकरी, दिवाळं, काहीही मावतं. त्यापेक्षा एखादी बारीक, खरी गोष्ट विचारावी: गाडी किती वाजता सुटते, डबा कोण करून देतं, सकाळी किती वाजता उठावं लागतं. सकाळी पाचला उठून जनावरांचं करून येणारी मुलगी पहिल्या तासाला का झोपते, ते त्यातून कळतं.

तू म्हणायचं की तुम्ही, ह्यावरही वाद झाला. आमच्याकडं विद्यार्थ्याला 'तू' म्हणतात आणि त्यात माया असते. पण त्याच 'तू'मध्ये खिडकीवर चारचौघांसमोर दरडावणं आलं की मुलं बिथरतात. ठरलं ते एवढंच, की 'तू' म्हणा, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात फीची बाकी वाचून दाखवू नका.

भाषेची दुसरी अडचण सीमाभागातली. पोर्टलवर कन्नड आणि इंग्रजी. मराठी शाळेतून आलेली मुलगी खिडकीवर मान डोलावते आणि बाहेर जाऊन मैत्रिणीला विचारते, "काय म्हणाले गं?" उलटही होतं. सौंदत्तीकडचा कन्नड मुलगा माझ्या मराठी बोलण्यापुढं तसाच मान डोलावतो. मान डोलावणं म्हणजे कळणं नव्हे, हे आम्ही एकमेकांवर करून पाहिलं. एकानं सांगायचं, दुसऱ्यानं स्वतःच्या शब्दांत परत सांगायचं. शिष्यवृत्तीच्या अर्जाच्या पायऱ्या मी क्रीडा संचालकांना सांगितल्या. त्यांनी जे परत सांगितलं ते ऐकून मला माझीच कीव आली. मग आम्ही सगळ्यांनी बसून ती नोटीस दोन्ही भाषांत साधी केली. आधी मसुदा 'उपरोक्त विषयास अनुसरून' असा सुरू होत होता. आता 'आधार आणि बँक खातं जोडलेलं आहे का ते आधी बघा' असा होतो. दोन बाकांवर शेजारी बसणाऱ्या मुलींचे नियमसुद्धा वेगळे असतात. जून २०२३ पासून कर्नाटकातल्या बायकांना सरकारी साध्या बसचा प्रवास फुकट आहे, पण चंदगडची मुलगी महाराष्ट्राची रहिवासी, तिला तिकीट काढावं लागतं. अशा मुलीला "तुला काय, शक्ती योजना आहे की" म्हणणारा क्लार्क मीच होतो.

तिसरी गोष्ट जड आहे. काउन्सेलर मॅडमनी मानसिक प्रथमोपचार शिकवला. जागतिक आरोग्य संघटनेची २०११ सालची एक मार्गदर्शिका आहे, तिचा सांगाडा तीन क्रियापदांचा: पाहा, ऐका, जोडून द्या. ऐकण्याचा सराव म्हणून दोघादोघांच्या जोड्या केल्या. एकानं अडचण सांगायची, दुसऱ्यानं पाच मिनिटं फक्त ऐकायचं. एकालाही जमलं नाही. दीड मिनिटात प्रत्येकाचा उपदेश सुरू. "आमच्या वेळी" हे शब्द मी स्वतः दोनदा उच्चारले.

मग सिस्टरांनी सगळ्यांच्या मनातला प्रश्न विचारला. एखादी मुलगी फारच खचलेली दिसली तर जिवाचं बरंवाईट करण्याविषयी उघड विचारावं का? विचारल्यानं ते डोक्यात घातल्यासारखं नाही का होणार? मॅडम म्हणाल्या, होत नाही. शांतपणे, सरळ शब्दांत विचारल्यानं विचार पेरला जात नाही, उलट ओझं हलकं होतं. हो म्हणाली तर तिला एकटं सोडायचं नाही, लगेच काउन्सेलर, घरचे, डॉक्टर. रात्रीची वेळ असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर आहे. फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. हा नंबर आता प्रत्येक मजल्यावर आहे. वाचकांपैकी कुणाला गरज वाटली तर परवानगीची वाट बघू नका, लावा.

आणि एक सवय मोडायला सांगितली. "सांग, मी कुणालाही सांगणार नाही" असं वचन द्यायचं नाही. आपल्या आवारात पी. यू.ची मुलं आहेत, पदवीच्या पहिल्या वर्षाचीही काही अठराच्या आतली असतात. अशा मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. क्लार्कलाही आहे, मामांनाही आहे. आधी वचन देऊन मग मोडलं तर ते मूल पुन्हा कुणाकडं बोलणार नाही. म्हणायचं असं: "तुझ्या सुरक्षेसाठी कुणाला सांगावंच लागलं तर आधी तुला सांगेन. उगाच चर्चा करणार नाही." हे वाक्य आम्ही प्रत्येकानं तीन-तीनदा मोठ्यानं म्हटलं, शाळेतल्यासारखं. वॉचमन काकांनी सगळ्यात चांगलं म्हटलं.

राहिलं 'जोडून देणं'. आमची जुनी पद्धत, "वरच्या मजल्यावर जा, सात नंबर." मुलगा जिन्यापर्यंत जातो आणि घरी जातो. आता शक्य असेल तेव्हा उठून सोबत जायचं असं ठरलं आहे. खिडकी पाच मिनिटं बंद राहते, रांग कुरकुरते. रांगेत तुम्हीच असता, म्हणून आधीच सांगून ठेवतो. शिवाय एक वही केली आहे. कुणाचं नाव-गाव नाही, फक्त क्रमांक, कुठं पाठवलं, आणि शेवटचा रकाना: पोचला का? ह्या रकान्याचा मला रोज त्रास होतो. पहिल्या महिन्यात तो निम्माअधिक कोराच होता.

हे सगळं छान चाललंय असं चित्र उभं करायचं नाही. शनिवारी सगळे येत नाहीत. एक सहकारी म्हणतात, "आपला पगार टेबलाचा, समाजसेवेचा न्हाई," आणि पोर्टल बंद पडून दीडशे मुलं रांगेत असतात तेव्हा मलाही तसंच वाटतं. माणसं कमी आहेत, जागा रिकाम्या आहेत. त्याला प्रशिक्षण हे उत्तर नव्हे. आणि ज्यांना वरिष्ठ स्वतः चारचौघांत बोलतात त्यांनी विद्यार्थ्यांशी हळू बोलावं ही अपेक्षा जरा जास्तच आहे. हे मी प्राचार्य फादरांना सांगितलं. पुढच्या शनिवारी ते येऊन मागच्या बाकावर बसले आणि जोडीला गेटवरचे काका घेतले.

परवा कणकुंबीकडची एक मुलगी टी. सी.चा अर्ज घेऊन आली. कारण, 'घरगुती'. मी आतली खुर्ची बाहेर आणून ठेवली. म्हटलं, "बस. सही करायच्या आधी एक विचारतो. गाडी कितीची आहे तुझी?" ती बराच वेळ अर्जाच्या कोपऱ्याची घडी घालत राहिली. मग म्हणाली, "वस्तीची गाडी बंद झालीया सर. अलीकडच्या गावापतूर यायचं, मग चालत. अंधार पडतोय. पप्पा म्हणतात, नको."

डेपोला पत्र गेलं आहे. सिस्टर हॉस्टेलात पावसाळा संपेपर्यंत एक कॉट होते का बघताहेत. वडील सोमवारी येणार आहेत. अर्ज माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, सही न केलेला. सोमवारपर्यंत ठेवा असं तिनंच सांगितलं आहे.